फरशी झाकायची नाही

चाळीस वर्षं मी एक गालिचा मागत होते.
फार मोठा नाही, आरामखुर्चीच्या पायाशी, एवढासा.
वीब्रेन म्हणायचा, फरशी झाकायची नाही.
हार्लिंगेनमधल्या निम्म्या स्वयंपाकघरांची जमीन
त्याने रांगत रांगत बसवली आहे,
हातोडीच्या दांड्याने टकटक करत,
कुठे पोकळ वाजतं ते ऐकत.
घरची फरशी तर अशी, की खिडकीतल्या ढगाने
तिच्यात बघून भांग पाडावा.

मग पोफर आला.
नात शिकायला उट्रेख्तला गेली, ससा मागे राहिला.
रेक्स जातीचा, दालचिनी रंगाचा,
मखमलीच्या उरलेल्या तुकड्यासारखा.
ही मखमल तळपायांवरही आखूडच असते,
हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये तो धावेनासा झाला.
वाटलं, वय.
आमच्या घरात सगळ्याच दुखण्यांचं पहिलं नाव वय असतं.
मग एकदा पाहिलं, बसल्या बसल्या
तो एक पाय उचलतो, टेकवतो, मग दुसरा,
तव्यावर उभा असल्यासारखा.
आणि फरशी तर बर्फगार.

डॉक्टर आफ्केने त्याची पाठ माझ्या पोटाशी धरायला लावली
आणि केस बाजूला सारून टाच दाखवली:
नाण्याएवढं लाल टक्कल, मधोमध खपली.
म्हणाली, मांजराच्या पायाला गादी असते, कुत्र्याच्याही.
याला नाही.
याला केस, कातडी, की लगेच हाड.
पाय टेकला की जमीन थोडी खचायला हवी,
नखं तिच्यात रुतायला हवीत.
नखं वाढली की बोटं वर उचलली जातात
आणि सगळा भार टाचेवर येतो.
वजनही उतरवा.
(वीब्रेनने माझ्याकडे पाहिलं.
बिस्किटं तो देतो.)

"घरात जमीन कसली आहे?"
तो इतका वेळ गप्प राहिला
की शेवटी मीच म्हटलं, उत्तम.

समुद्राच्या बांधापाशी आल्यावर गाडीत म्हणाला,
मीच सोललं त्याला.

हाडापर्यंत पोचलं नव्हतं, हे नशीब.
रोज संध्याकाळी टॉवेलात गुंडाळलेला पोफर,
कोमट सलाईन, मग टिपणं,
पूर्ण कोरडं होईपर्यंत टिपणं,
न चिकटणारी पट्टी, वर बँडेज.
ते तो मध्यरात्री सोडून आम्हाला परत करायचा.
दुखणं थांबवणारं औषध तेवढं आनंदाने घ्यायचा, त्याला गोडी होती.
टाचेचे उरलेसुरले केस कापायचे नाहीत, डॉक्टरने बजावलं होतं,
तेच त्याचे जोडे.

आणि वीब्रेन पुन्हा गुडघ्यांवर आला.
सकाळ-दुपार तळहात फिरवून बघायचा,
मुतारीच्या कोपऱ्यात ओल आहे का,
जसा पूर्वी उतार बघायचा तसाच.
सुकं गवत हातभर अंथरायचा.
मग एका शनिवारी बाजारातून
गालिचे आणले. एक नाही. चार.
आखूड लवेचे, नखं अडकणार नाहीत असे,
खाली जाड फेल्ट.
फरशीच्याच पट्टीने मापून कापले,
सांधा दिसू न देता.
मी दारात उभी राहून हसले,
थोडी रागानेच.

खिडकीखालच्या दोन फरश्या मात्र उघड्या ठेवल्या,
उकाड्यात पोट टेकायला.
कुणाचं ते बोलला नाही.

मे संपता संपता टक्कलावर लव आली,
पिवळसर, विरळ.
एकदा रात्री पोफरला खाली सोडलं,
तो कोपऱ्यापर्यंत धावला, हवेत वळला, परत आला.
वीब्रेन तिथेच बसून होता,
मांडीवर टॉवेल, हातात दिवा.
माझ्याकडे बघून म्हणाला, दाखव.
काय?
टाचा.

चाळीस वर्षांच्या भेगा होत्या तिथे.
त्याने दिवा जवळ आणला
आणि बोटाने हळूच टकटक केली,
कुठे पोकळ वाजतं ते ऐकत.